पिग्मीचं पासबुक आणि कलम ४०९

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात शेजारच्या मावशींबरोबर कोर्टात गेलो होतो. मावशी विडी कामगार. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, आता बोटं सरळ होत नाहीत. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दारात यायचा. कधी वीस रुपये, कधी पन्नास, पोरीच्या लग्नाच्या आधी शंभरसुद्धा. ते पैसे एका पतसंस्थेत जायचे. तिचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे आणि मला नोटीस नको आहे. एक दिवस शटर खाली आलं, ते पुन्हा वर गेलं नाही.

त्या दिवशी आरोपीतर्फे वकिलांनी जे सांगितलं ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. साहेब, आमचे अशील समाजात प्रतिष्ठित आहेत. वय झालंय. पूर्वीचा एकही गुन्हा नाही. गावभर बदनामी झाली, हीच त्यांना शिक्षा झाली. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "प्रतिष्ठित होता म्हनूनच दिलं की ओ पैसं. चोराला कोन देतंय?"

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. मग जुनी पुस्तकं, निकाल काढून बसलो. दोनशे वर्षं कायदा याच एका वाक्याभोवती घुटमळतोय असं दिसलं. म्हणून हे लिहितोय.

प्रश्न साधा आहे. खिसा कापला तर चोरी. पण मी स्वतःच्या हाताने, सही करून, विश्वासाने पैसे दिले आणि घेणाऱ्याने खाल्ले, तर ती चोरी का? आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रांना हा प्रश्न माहीत होता. मनूने व्यवहाराचे म्हणजे दाव्यांचे जे अठरा विषय सांगितले त्यात पहिला कर्जाचा आणि दुसराच निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा. कौटिल्याने तर सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवलेत. चाळीस! सोलापुरात बसून त्यात दोन-चार वाढवता येतील, पण ते असो.

इंग्रजांचा जुना कायदा मात्र इथे अडखळला. १७९९ साली लंडनमधल्या एका बँकेच्या कारकुनाने ग्राहकाने भरायला दिलेली शंभर पौंडांची नोट वहीत जमा दाखवली आणि स्वतःच्या खिशात घातली. बेझली हे त्याचं नाव, कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. न्यायाधीशांपुढे पेच पडला. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू उचलणं. ही नोट बँकेच्या ताब्यात आलीच कुठे होती? ती तर ग्राहकाच्या हातातून थेट याच्या हातात आली! त्यामुळे चोरी नाही. सुटला. त्यानंतर पार्लमेंटने घाईघाईने नोकर आणि कारकुनांसाठी अपहाराचा कायदा केला.

आता गंमत बघा. कायदा केला कोणासाठी? कारकुनासाठी. दलाल, वकील, बँकर या मोठ्या लोकांचं नावच त्यात नव्हतं. त्यांच्यासाठी एका बड्या माणसाचे पैसे बुडावे लागले. बेंजामिन वॉल्श हा शेअर दलाल, शिवाय पार्लमेंटचा सदस्य. सर टॉमस प्लमर हे सरकारचे सॉलिसिटर जनरल. त्यांनी सरकारी रोखे घ्यायला वॉल्शकडे सुमारे २२ हजार पौंड दिले. वॉल्शने त्यातले बरेच पैसे स्वतःसाठी फिरवले आणि अमेरिकेला पळायच्या बेताने निघाला. पकडला गेला, दोषी ठरला, आणि पुन्हा तेच झालं. पैसे प्लमर साहेबांनी स्वखुशीने दिले होते, म्हणून कायद्याने ही चोरी नाही. शेवटी माफी देऊन सोडावं लागलं. पार्लमेंटने त्याला सदस्यत्वावरून हाकललं आणि त्याच वर्षी, १८१२ मध्ये, बँकर, दलाल, वकील आणि एजंट यांच्यासाठी वेगळा कायदा आला. म्हणजे सरकारच्याच कायदेपंडिताचे पैसे गेले तेव्हा कुठे जाग आली. विडीवाल्या बाईचे गेले असते तर किती वर्षं लागली असती, हा आपला माझा प्रश्न.

हे सगळं मेकॉलेला माहीत होतं. १८३७ मध्ये त्याने भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तो कायदा झाला १८६० मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. त्यात 'फौजदारीपात्र विश्वासघात' हा वेगळा गुन्हाच आला, कलम ४०५ ते ४०९. ताब्याबिब्याची भानगड नाही. विश्वासाने दिलं, अप्रामाणिकपणे वापरलं, संपलं.

कलम ४०५ खालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. एक असं, की दिल्लीच्या माणसाने कलकत्त्याच्या एजंटाला एक लाख रुपये पाठवले, कंपनी सरकारच्या रोख्यांत गुंतव म्हणून. एजंटाने ते अप्रामाणिकपणे आपल्या धंद्यात घातले. हा विश्वासघात. लगेच पुढचं उदाहरण. एजंटाने सूचना मोडली खरी, पण मालकाचा जास्त फायदा होईल अशा प्रामाणिक समजुतीने मालकाच्याच नावावर बँक ऑफ बेंगॉलचे शेअर घेतले. नुकसान झालं तरी हा गुन्हा नाही. मालक दिवाणी दावा लावू शकेल, तुरुंगात नाही पाठवू शकणार. धंदा बसणं आणि पैसा खाणं यातली रेघ इतक्या सोप्या शब्दांत मी दुसरीकडे वाचली नाही. हल्ली प्रत्येक बुडव्या संचालक म्हणतो "मार्केट पडलं हो", तेव्हा ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघावीत.

आणि शिक्षेची पायरी बघा. साध्या विश्वासघाताला तीन वर्षांपर्यंत. नोकराने किंवा कारकुनाने केला तर सात. आणि सरकारी नोकर, बँकर, व्यापारी, अडत्या, दलाल, वकील किंवा एजंट यांनी आपल्या धंद्याच्या नात्याने हाती आलेल्या मालमत्तेत केला तर कलम ४०९, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. मूळ कायद्यात तर जन्मभर काळं पाणी होतं. म्हणजे जितका विश्वास मोठा तितकी शिक्षा मोठी. मावशींचं वाक्य १८६० सालीच कायद्यात लिहून ठेवलं होतं म्हणा ना.

कागदावर.

प्रत्यक्षात काय झालं ते बघायला १९०६ च्या मद्रासला जाऊ. अर्बथनॉट आणि कंपनी ही तिथली नामांकित पेढी. पेन्शनर, विधवा, देवस्थानं, जमीनदार, सगळ्यांच्या ठेवी तिथे. ऑक्टोबर १९०६ मध्ये पेढी बुडाली, हजारो लोक रस्त्यावर आले. मालक सर जॉर्ज अर्बथनॉट, सरदारकी मिळालेले गृहस्थ. खटला चालला, दोषी ठरले, शिक्षा किती? अठरा महिने सक्तमजुरी. गोऱ्या 'सर'ला भारतात तुरुंगात टाकलं हीच त्या काळी मोठी बातमी होती. त्या राखेतून १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली, वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर पुढाकार घेणारे. लोकांनी शिक्षेची वाट न बघता स्वतःची बँक काढली.

आता आपल्या गावाकडे येतो.

सोलापूरच्या जुन्या माणसांना 'जुनी मिल' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७४ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी सुरू केलेली. आधी रेल्वे आली, मग गिरणी आली, मग तेलंगणातून विणकर आले, मग पेठा वाढल्या. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. आमच्या आजीला वेळ विचारली तर ती "दुसरा भोंगा व्हायचाय" असं सांगायची, घड्याळ घरात असूनसुद्धा.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. साधीसुधी गिरणी नव्हे, आशियातल्या मोठ्या कापड गिरण्यांत तिची गणना व्हायची. केंद्र सरकारने चौकशी केली आणि ९ जानेवारी १९५० ला वटहुकूम काढून गिरणीचा कारभार संचालकांच्या आणि मॅनेजिंग एजंटांच्या हातातून काढून घेतला. प्रजासत्ताक व्हायला तेव्हा सतराच दिवस बाकी होते. कारण लिहिलं ते असं, की गैरव्यवस्थापनामुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि मोठी बेकारी आली. मग त्याचा कायदा झाला. एका कंपनीसाठी, एका गावातल्या गिरणीसाठी संसदेने केलेला कायदा.

मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगायला हवं. कंपनी भागधारकांची, पण कारभार करारावर एका पेढीकडे. पेढीला कमिशन, बऱ्याच ठिकाणी विक्रीवर किंवा उत्पादनावर. कंपनी नफ्यात असो नाहीतर तोट्यात, एजंटाचं पान वाढलेलंच. कापूस कोणाकडून घ्यायचा, सूत कोणाला विकायचं, हेही तोच ठरवणार, आणि पलीकडचा व्यापारी कित्येकदा त्याच्याच घरातला. देशभर हीच तक्रार होती. १९७० मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली, तोवर शंभराहून जास्त वर्षं चालली.

पुढे गंमत म्हणायची की दुःख, ते तुम्ही ठरवा. जुन्या मिलचं नाव आज भारतातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात घेतलं जातं. चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, डिसेंबर १९५०. समतेच्या हक्कावरचा सुरुवातीचा मोठा निकाल. एकाच कंपनीसाठी कायदा करता येतो का? तीन विरुद्ध दोन मतांनी सुप्रीम कोर्ट म्हणालं, येतो. मग दुसरा भागधारक गेला, द्वारकादास श्रीनिवास. सरकारने नेमलेल्या नव्या संचालकांनी त्याच्या प्रेफरन्स शेअरवरचे राहिलेले पैसे मागितले, दीड लाखाहून जास्त. डिसेंबर १९५३ मध्ये कोर्टाने उलटा निकाल दिला. कारभार असा काढून घेणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावणं, म्हणून कायदा घटनाबाह्य. सरकारने १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती केली, त्यात अशी गिरणी तात्पुरती ताब्यात घेण्याची वाट मोकळी करून ठेवली. सोलापूरच्या गिरणीपायी देशाच्या घटनेत बदल झाला, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं.

हे दोन्ही निकाल मी वाचले. पानंच्या पानं भागधारकाच्या हक्कांवर आहेत. मत द्यायचा हक्क, संचालक निवडायचा हक्क, शेअर ही मालमत्ता की नाही. ज्याच्या घरची चूल विझली तो बदली कामगार, साचेवाला, त्याचा उल्लेख आहे तो 'बेकारी' या एका शब्दात. गिरणी कोणी बुडवली आणि त्याला काय शिक्षा, हा प्रश्न त्या दोन निकालांपुढे नव्हताच. कोर्टाची चूक म्हणत नाही मी. कोर्टापुढे जो प्रश्न घेऊन जातो त्यालाच उत्तर मिळतं, आणि साचेवाल्याकडे दिल्लीपर्यंत जायचं भाडं नव्हतं.

त्याच दशकात 'एजंट' शब्दाचा उलगडा दुसऱ्या एका खटल्यात झाला. रामकृष्ण दालमिया, देशातल्या सर्वात श्रीमंतांपैकी एक, भारत इन्शुरन्स कंपनीचे चेअरमन. विमेदारांचे दोन कोटींहून जास्त रुपये सट्ट्यात घातले. चौकशी अधिकाऱ्यापुढे त्यांनी लेखी कबुली दिली, शिवाय नातेवाइकांकडून घेऊन सगळे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण लावून धरलं, पुढच्या वर्षी विमा धंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं, एलआयसी आली. खटल्यात बचाव असा होता की चेअरमन हा काही बँकर नाही की एजंट नाही, मग ४०९ कसं लागेल? १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कंपनीचा पैसा ज्याच्या ताब्यात तो कंपनीचा एजंटच. संचालक आणि चेअरमन मंडळींना ४०९ लावायचा रस्ता तिथे पक्का झाला. शिक्षा? दोन वर्षं.

दोन कोटींना दोन वर्षं, १९५५ चे दोन कोटी. आणि दुकानाच्या गल्ल्यातून दोन हजार नेलेल्या पोराला किती होते ते फौजदारी कोर्टात तासभर बसून बघा.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगतो. एका वकील मित्राने दाखवलं तेव्हा विश्वास बसेना. कलम ४०९ ला जन्मठेप लिहिली आहे. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तक्त्यात हा खटला चालवायचा कोणी? प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने. आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त शिक्षा किती देऊ शकतो? तीन वर्षं. त्याला वाटलं की जास्त हवी, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, त्यांची मर्यादा सात. जन्मठेप लिहिलेल्या कलमाचा खटला असा रोजच्या रोज अशा कोर्टात चालतो जिथे जन्मठेप देताच येत नाही! बाकी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ४०९ चं आता ३१६ चं पोटकलम पाच झालं, साध्या विश्वासघाताची शिक्षा तिनाची पाच वर्षं झाली. बँकर-वकिलांची जन्मठेप तशीच राहिली. मावशींचं प्रकरण जुनं, म्हणून ते जुन्याच कलमाखाली आहे.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये वेगळा रस्ता काढला. ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे 'एमपीआयडी' म्हणतो. यात शिक्षा सहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड, म्हणजे ४०९ पेक्षा कमीच. पण याचा जोर दुसरीकडे आहे. संस्थेची, प्रवर्तकांची, संचालकांची मालमत्ता सरकार जप्त करू शकतं आणि विशेष न्यायालयामार्फत विकून ठेवीदारांत वाटू शकतं. विशेष न्यायालय सत्र दर्जाचं, त्यामुळे सोबत ४०९ असेल तर तीन वर्षांची अडचण तिथे येत नाही. हा कायदा २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने रद्दही केला होता. राज्याला असा कायदा करण्याचा अधिकारच नाही म्हणून. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला. मधली सहा वर्षं ज्यांच्या तारखा लोंबकळत राहिल्या त्यांनी काय करायचं होतं?

वकिलांचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर म्हणाल फक्त संचालकांवर घसरलो. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका वकिलाची सनद काढल्याचा निर्णय कायम केला. पक्षकारासाठी आलेले पन्नास हजारांच्या वर रुपये त्याने ठेवून घेतले होते. २००२ चा दुसरा निकाल उत्तर प्रदेशातला. गरीब शेतकऱ्याची जमीन सरकारने घेतली, भरपाई ८,११८ रुपये. वकिलाने १९८७ मध्ये ते कोर्टातून उचलले आणि दिलेच नाहीत. वर समझोता झाल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र आणलं. सनद गेली, आणि सुप्रीम कोर्टाने ठणकावून सांगितलं की पक्षकाराचा पैसा खाणं हा वकिलाच्या सर्वात गंभीर गैरवर्तनांपैकी एक. आठ हजारांसाठी पंधरा वर्षं. तरी मला हा निकाल आवडतो, कारण त्यात रक्कम किती हे बघितलेलं नाही, कोणाची होती आणि कोणाच्या हातात दिली होती हे बघितलंय.

माझा वकील मित्र यावर वाद घालतो. त्याचं म्हणणं, तुरुंगात घालून ठेवी परत येतात का? पैसे भरणाऱ्याला थोडी सूट मिळाली नाही तर कोण भरेल? मुद्दा खोटा नाही. ठेवीदारांच्या बैठकीत मी स्वतः पाहिलंय, दहातले आठ जण म्हणतात, त्याला काय करायचं ते करा, आमचं मुद्दल द्या. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना पुरेसं भांडवल नाही म्हणून रद्द केला, तेव्हा लोकांना त्या विम्याचा आधार होता. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. तिथे संचालकाची मालमत्ता हीच काय ती आशा.

पण मी त्याला एवढंच विचारतो. पैसे परत केले म्हणून शिक्षा कमी करायची ती कर, मला मान्य. 'प्रतिष्ठित' होता म्हणून का कमी? घरफोड्याकडे पहार असते, तशी याच्याकडे प्रतिष्ठा असते. गणपतीच्या आरतीला मान, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा, पिग्मीच्या पासबुकावर छापलेला फोटो, या सगळ्यावरच तर पैसा गोळा झाला. पहार दाखवून कोणी शिक्षेत सूट मागतं का? पहिलाच गुन्हा म्हणतात, तोही असा एका रात्रीचा नसतो. वीस-वीस रुपयांच्या हजारो पावत्यांचा असतो, वर्षानुवर्षांचा. मित्र यावर चहा मागवतो आणि विषय बदलतो.

त्या दिवशी कोर्टात पुढची तारीख पडली. बाहेर पडताना मावशींनी पिशवीतून पासबुक काढून मला दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ठेवलंय. शेवटच्या पानावर शिल्लक ६८,४२० रुपये. म्हणाल्या, "पुढच्या तारखेला बी येशील ना रे?"

जाणार आहे. ज्यांची अशी प्रकरणं एमपीआयडीखाली चालू आहेत आणि ज्यांनी जप्तीच्या वाटपासाठी अजून आपला दावा भरलेला नाही, त्यांनी पावत्या आणि पासबुकाच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि सक्षम अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करा. कागद कसे लावायचे ते माहीत नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, रविवारी सकाळी मी घरीच असतो.